बोरन्हाणातली पुस्तके

श्रीगजाननाला आणि वाग्देवीला वंदन करून सांगतो. आज रथसप्तमी, सूर्यनारायणापुढे दूध उतू घालून झाले आहे. आणि मुलांची पुस्तके काढण्याचा आमचा उद्योग पुढे चालवायचा की थांबवायचा, हा निर्णय आमच्या घरी आजपर्यंत लांबवलेला होता, नेमके आजच तुम्ही माझी हकिगत लिहून घ्यायला आलात.

जन्म माझा कोयनेच्या खोऱ्यातला. वडील पूजा सांगून परतले की मिळालेले तांदूळ ताटात पसरत आणि त्यात बोटाने अक्षर काढायला लावत, आणि आई आतून म्हणे, लवकर गिरवा, मला भात लावायचा आहे. त्याच तांदळाचा भात आम्ही जेवत असू. पुढे साताऱ्याच्या पाठशाळेत संस्कृत शिकलो, सांगलीला शाळेत शिकवले, आणि शनिवारी वर्गात ज्या गोष्टी सांगत असे त्या निवृत्तीनंतर पुस्तकरूपाने काढू लागलो. मोठी अक्षरे, पानभर चित्र. काय सांगू तुम्हाला, पहिली काही वर्षे पुस्तके जात. मग कागद महागला, दुकानदार निम्मी किंमत स्वतःला मागू लागले आणि न खपलेली पुस्तके कोपरे दुमडलेल्या स्थितीत परत पाठवू लागले, पालक विचारू लागले, गुरुजी, यातले परीक्षेला काय येईल. आमचे मुद्रक तात्या, सरळ माणूस, तेही म्हणाले, आवं गुरुजी, रंगीत चित्रं काढून टाका, लय म्हागात पडतंय. मी म्हणालो, तात्या, चित्र काढून टाकले तर मूल पाहील काय. ते म्हणाले, फोन बघंल की. पुढच्या खोलीतले गठ्ठे छताला टेकले. आधी दुःख होई, मग तेही थांबले. त्या खोलीत जातो, धूळ झटकतो, बाहेर येतो.

संक्रांतीच्या आधी शिराळ्याहून कमलताईंचा फोन आला. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, आता सैन्यात आहे. म्हणाल्या, गुरुजी, नातवाचं बोरन्हाण हाय, प्लास्टिकची खेळणी न्हाई लुटायची म्हणतोय आमी, तुमची बारकी पुस्तकं असली तर द्या. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हल्ली चॉकलेटेही ओततात आणि जमलेली मुले ते लुटतात, तेव्हा पुस्तक जड नको, कोपरा बाळाला लागायला नको, म्हणून तात्यांकडून तळहाताएवढी, गोल कोपऱ्यांची पुस्तके करून घेतली. आमची ही म्हणाली, मुलांनी ही उचलली तर पुढचे पुस्तक छापा, नाही तर ती खोली भाड्याने देऊन टाकू. मी बरे म्हणालो.

बाळ काळ्या झबल्यात, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसले होते. ओतले, आणि मुले तुटून पडली. चॉकलेटे गेली, बोरे गेली, करवेसुद्धा गेले. पुस्तके तिथेच राहिली. एकाने हात घातला तर दुसरा म्हणाला, ते सोड रं, अभ्यास हाय तो. कमलताई ओशाळल्या, मी म्हणालो, असू द्या. चिकटलेले चुरमुरे पुसत मी पुस्तके गोळा करू लागलो. एक बाळाच्या मुठीत होते आणि त्याचा कोपरा तोंडात. आईने ओढले तर त्याने मोठा सूर लावला. मग कुणी ओढले नाही.

घरी आल्यावर हिने विचारले, घेतले का कुणी. म्हणालो, एकाने घेतले, आणि खाल्ले. ही हसली नाही, रागावलीही नाही. रथसप्तमीपर्यंत थांबू, एवढेच म्हणाली. आज दूध उतू गेले, ते पुसता पुसता म्हणाली, पोटात गेली तरी बाधणार नाही अशी शाई मिळते का, तात्यांना विचारून या, पुढच्या पुस्तकाला तीच घ्या.

मला आनंद झाला असे म्हणवत नाही. मन आता तेवढे हलत नाही. पण पिशवी खुंटीवरून काढून ठेवली आहे, तुम्ही उठलात की तात्यांकडे निघेन.

तुमच्या आणि हे वाचणाऱ्यांच्या घरी दूध असेच उतू जावो, लेकरे निरोगी राहोत, आणि त्यांच्या हाताला लागेल असे एखादे पुस्तक जमिनीवर पडलेले असो. कोपरा चावला तर चावू द्यावा.