लाल झाकण, निळं झाकण

सामोआतल्या आपिया शहराच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोन लठ्ठ जावा बसल्या होत्या. तीन महिने औषधी रस पिण्याची चाचणी संपून दोघींच्या हातात निकाल आले होते.

"तुझं इन्सुलिन सुधारलं, सेफिना. माझं आहे तिथंच."

"नशीब, जाऊबाई. तारोचे कंद तर दोघी एकाच पातेल्यातले खातो."

"कसलं नशीब! तुझ्या लाल झाकणाखाली खरा रस, माझ्या निळ्याखाली रंगीत पाणी."

"कशात काय, ते नर्सलाही ठाऊक नव्हतं."

"तुला बाटली देताना गालातल्या गालात हसली ती."

"म्हणून तुम्ही रोज दोन्ही झाकणांची अदलाबदल करत होतात?"

"कोण म्हणतं?"

"फ्रीज एकच आहे आपला. मी मुकाट्यानं लाल झाकण लावलेली तुमचीच बाटली प्यायले."

"माझी?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग हा निकाल माझा आहे. आण इकडे तो कागद!"