एका डोळ्याचं पाणी

(नंदनवन वस्तीतलं घर. रुपराव, त्यांची मुलगी मिनल आणि रुपरावांची थोरली मेव्हणी इंदुताई. बाप-लेक आताच दवाखान्यातून आले आहेत.)

इंदुताई: नाकात हाड तं सगळ्यांच्याच राहते वं. त्याचा काय फोटो काढाचा?

मिनल: हे जास्तीचं आहे, मावशी. ऑस्टिओमा म्हणतात. कॅन्सर नाही, कुठे पसरत नाही. फार कमी लोकांना होतो, पण बाबांचा वाईट जागी वाढलाय. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी असते ना, तीच दाबली त्यानं.

रुपराव: डॉक्टर लय खूश होता. शिकाऊ पोरींले बोलावून बोलावून दाखवत होता. मले वाटलं, आता पेढे वाटते.

इंदुताई: थांबा. म्हणजे तुमचा हा डावा डोळा गळते, तो...

रुपराव: त्या हाडानं गळते.

इंदुताई: माझ्या बहिणीसाठी, प्रयागसाठी नाही?

रुपराव: नाही.

इंदुताई: अन् मी साऱ्या नंदनवनात सांगत फिरून राहिली! बायको जाऊन आठ महिने झाले, पण माणसाचा डोळा सुकला नाही म्हणून! आमच्या गणपतरावले रोज ऐकवलं, पहा जरा रुपरावले, नाहीतर तुम्ही, मी मेली तं ताटावरूनही उठणार नाही!

रुपराव: मंग आज घरी जाऊन गणपतरावची माफी मागा.

इंदुताई: लाज नाही वाटली? दहाव्याले शेजारच्या नानाजीनं तुमच्या खांद्यावर हात ठेवून भाषण दिलं. असं प्रेम आता पाहायले भेटत नाही म्हणे. अन् तुम्ही रुमाल लावून चूप!

रुपराव: नानाजीच्या घरात नवरा-बायकोच्या दोन चुली. तो प्रेमावर बोलून राहिला, तं मी काहून थांबवू?

मिनल: मावशी, ते राहू दे ना. हाड आणखी वाढलं तर डोळा बाहेर ढकलेल. आत्ताच थोडा पुढे आलाय. नाकातूनच काढतात, दुर्बिणीनं. सोमवारची तारीख दिली, अन् बाबा सरळ 'नाही' सांगून आले.

इंदुताई: काहून नाही?

रुपराव: तो डॉक्टर पोरगा नाकात ड्रिल मशीन घालतो म्हणते. महाल भागातल्या दुकानात सायकली दुरुस्त करण्यात जिंदगी गेली माझी. मशीन घसरली तं काय होते, मले ठाऊक आहे.

मिनल: खोटं. डॉक्टरांना तुम्ही एकच गोष्ट विचारली. हाड काढल्यावर पाणी बंद होईल का? ते हो म्हणाले, तसे उठलात तुम्ही.

इंदुताई: आस्सं! नाटक बंद पडीन म्हणून! राहू द्या मंग ते हाड. चौकात जाऊन उभे राहा, लोकं हार घालतीन.

रुपराव: ताई, हे पाणी प्रयाग असतानाच सुरू झालं. पहिले तिनंच पाहिलं. म्हणे, एकाच डोळ्यानं रडून राहिले, दुसऱ्याचं काय भांडण आहे माझ्याशी? दवाखान्यात जा म्हणे. मंग तीच आजारी पडली.

मिनल: हे मला नव्हतं सांगितलं, बाबा.

रुपराव: ती गेली तं मले रडूच नाही आलं. घाटावर नाही, दहाव्याले नाही. घरात एकटा राहिलो, तेव्हाही नाही. हा डोळा गळत होता. लोकं म्हणे रडून राहिला, तं मीही मानून घेतलं. आता हाड काढलं अन् कोरडाच राहिलो, तं मी कसा माणूस?

इंदुताई: कसा म्हणजे? मी छाती बडवून सारी गल्ली गोळा केली होती. अन् संध्याकाळी शेजारणीनं डबा आणला, तं रोजच्यापेक्षा दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या. विचारा हिले.

मिनल: खाल्ल्या होत्या.

रुपराव: मी पाहिलं होतं.

इंदुताई: पाहिलं होतं, तं तेव्हाच बोलाचं होतं! मोठे आले कसा माणूस विचारणारे... सोमवारी किती वाजता जायचं वं?

मिनल: सकाळी सातला. उपाशीपोटी.

इंदुताई: मी येईन. बाहेर बसीन. अन् नंतर तुमचा डोळा कोरडा निघाला, तं मी कोणाले सांगणार नाही.

रुपराव: अन् ओला निघाला तं?

इंदुताई: तरी नाही सांगणार.