मऊच ठेवले होते मी शॉकअप!

कुणी विश्वास ठेवला का माझ्यावर? एकानं तरी? लेक म्हणते, "आई, तू उलटं फिरवलंस." डॉक्टरीणबाई म्हणतात, "अहो, कळत नाही त्यात हात कशाला घालायचा?" आणि मी घसा फोडून सांगतेय, मऊच ठेवले होते मी! चौथी शिकलेय मी, कबूल. पण डावं-उजवं कळायला कॉलेज लागतं का हो? बरण्यांची झाकणं जन्मभर कोण फिरवतंय या घरात?

मऊ काय म्हणून विचाराल, तर शॉकअप! गाडीचे, चाकांवरचे, हादरे गिळणारे! आमच्या ह्यांनी सारं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या, पोटाला चिमटा काढून शेवटी एक स्वतःची घेतली. लाल, बुटकी, जमिनीला पोट टेकवून बसलेली, शर्यतीत पळणाऱ्यांतली. आणि दारात उभी राहते न राहते तोच ह्यांची पाठ गेली! मणका सरकला. "एक हादरा चालणार नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आणि ती गाडी म्हणजे नुसता हादरा हो! काडीवरून गेली तर काडी दाढेत कळायची. मग काय, घातलं कव्हर.

हे रोज संध्याकाळी गॅरेजात जायचे, कव्हर अर्धं सारून आत बसायचे, स्टिअरिंग धरून तोंडानंच... भुंऽऽऽ! लहानपणापासूनची खोड. सगळी गल्ली भुंगाच म्हणते त्यांना. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे, हातातलं भांडं हातातच राहायचं. साठीला आलेला माणूस, बंद गाडीत, ओठ थकेपर्यंत... आणि वळण आलं की अंगही झुकवायचा बरं! तळ्याकडचं वळण. बघून बघून मलासुद्धा पाठ झालं ते. वाटायचं, एकदा, फक्त एकदा खरं मिळावं ह्या माणसाला. बाकी काही मागितलं का मी कधी कुणाकडे?

तर तडक गेले मेस्त्रीकडे. म्हटलं, मऊ कर ही गाडी. त्यानं दोन प्रकार पुढ्यात ठेवले. दोन्ही कमी-जास्त कडक करता येतात, पण एकाची कळ खाली, म्हणजे गाडी उचला, खाली शिरा, मग फिरवा. दुसऱ्याची वर, पुढच्या चाकांची बॉनेटखाली, मागच्यांची डिकीत, उभ्या उभ्या बोटांनी फिरवायची, टिक टिक वाजते. डावीकडे मऊ, उजवीकडे कडक. मेस्त्री म्हणाला, "मावशी, खालची घ्या. मी लावून देतो, मग कुणी हात लावायला नको."

"म्हणजे दर वेळी तुझ्या दारात उभी राहू? वरचीच दे!"

"घरात दुसरं कुणी फिरवणारं नाही ना?"

"अरे, ज्याला वाकून चप्पल उचलता येत नाही, तो काय फिरवणार!"

झालं! इथंच फसले मी. वाकावं लागतच नव्हतं ना त्याला!

बसवले. चारही कळा मी माझ्या हातानं डावीकडे, शेवटच्या टिकपर्यंत. मऊच ठेवले होते मी!

निघालो. पहिला गतिरोधक आला, मी डोळे घट्ट मिटले... आणि काय सांगू, पाळणा हलावा तशी वर गेली, खाली आली. म्हटलं, "कसं वाटतंय?" हे म्हणाले, "छान. गादीवर बसल्यासारखं." पण कसं म्हणाले? बिनसाखरेचा चहा छान म्हणावा, तसं! तळ्याच्या अलीकडे ह्यांनी गाडी थांबवली. "जरा पाय मोकळे करतो." पाय मोकळे करायला बॉनेट कशाला उघडावं लागतं?

"काय करताय हो?"

"पाणी बघतोय."

मग गेले डिकीकडे. डिकीत कसलं आलंय पाणी! पण मी म्हटलं, बघू दे बाई, किती दिवसांनी हात लावतोय.

आणि मग वळण... अगं आई गं! डोक्यातल्या पिना निखळल्या, दातावर दात! "अहो, आपटतेय का ही?" "रस्ता वाईट!" असं ओरडून, हसत हसत! आणि तोंडानं आवाज नाही हो काढला. ओठ गप्प, अंग झुकलेलं, आवाज सगळा गाडीचा. तो चेहरा... लग्नातसुद्धा नव्हता हो तो चेहरा. मी आपली दाराची कडी धरून बघतच राहिले.

घरी आलो तर शेजाऱ्यांनी ह्यांना फळीसारखं उचलून आत आणलं. मेस्त्री धावत आला, बॉनेट, डिकी उघडून म्हणतो, "मावशी, सगळे कडक! पार शेवटपर्यंत!" की सगळ्यांच्या माना माझ्याकडे! आणि गादीवर आडवं पडलेलं ते ध्यान काय म्हणालं? "जाऊ द्या, तिला कुठं कळतं त्यातलं!"

सगळे पांगल्यावर माझं बोट धरलं. "अगं, पाठ जरा बरी झाली की जाऊ या ना पुन्हा तळ्याकडे? तू मऊच ठेव."

ठेवीन ना! डावीकडे, शेवटच्या टिकपर्यंत मऊच ठेवीन मी. आणि तळ्याच्या अलीकडे थांबून पाणी बघायला उतरणार आहे... भुंगा!