कातडी ताणून धर

हॅलो? … हां वहिनी, बोल. पण पटकन हं, मोठी मीटिंग आहे माझी. सगळे आत बसलेत, मी जिन्यात उभी आहे.

… परत निघाली? अगं वहिनी! आता काय म्हणू तुला? अप्पांच्या छातीला एक पट्टी चिकटवायची, एवढंच तर काम. पट्टी सुटली की ठोक्यांचा आलेख तुटतो, आलेख तुटला की ठोका कधी चुकला ते डॉक्टरांना कळत नाही. किती वेळा सांगितलं… हो. हो, ऐकतेय.

… नाही गं, पट्टीत काही नाही. ऑफिसात आम्हा सगळ्यांना नीट बसते. तुझ्याकडेच कशी सुटते? नाचता येईना, अंगण… बरं, नाही बोलत. घरच्या ग्रुपवर लिहिलं तेवढं पुरे. राग नाही ना आला? … नाही ना? मग ठीक.

… काय निघालं? … पट्टीबरोबर काय निघालं?

… कातडी?

थांब. थांब, वहिनी. केवढी? … रक्त? … नुसतं पाणी येतंय. आणि कडेला फोड. … आधीचेही आहेत? आधीचे म्हणजे? अगं, मग बोलली का नाहीस!

… अप्पांनी सांगू नको म्हटलं. का पण? … 'पोरीनं बनवलीय ही पट्टी, तिला वाईट वाटेल.'

… हो, आहे मी. … नाही, रडत नाहीये. जिन्यात आवाज घुमतो.

ऐक ना, तू लावतेस कशी ते सांग. पहिल्यापासून. … स्पिरिटनं पुसतेस, वाळू देतेस. बरोबर. … मग त्यांना ताठ उभं करतेस, खांदे मागे. हो. … एका हातानं कातडी ताणून धरतेस. कितपत? … सुरकुती जाईपर्यंत. आणि तशीच ताणलेली असताना वरून तो पट्टी चिकटवायचा शिक्का दाबतेस, टक्क वाजेपर्यंत.

… हो गं. मी पाठवलेल्या व्हिडिओत तसंच आहे. माझाच हात आहे तो.

… अप्पा काय करतायत आत्ता? … खिडकीशी पेपर वाचतायत. वाकून? … हो, ते बसतातच तसे. जन्मभर शिलाई मशीनवर वाकलेला माणूस, आता ताठ कसा बसेल?

… वहिनी.

… काही नाही. … अगं, कापड ताणून शिवलं तर काय होतं? … हो ना, हात सोडला की चुण्या पडतात. शिंप्याची पोर मी, आणि हे मला… तू ताणून लावतेस, ते खुर्चीत जाऊन वाकून बसतात, कातडी जागेवर परत यायला बघते आणि पट्टी तिला येऊ देत नाही. दिवसभर ओढाताण. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी झालीय त्यांची, फोड नाही येणार तर काय!

… नाही, तुझं कुठे चुकलं? तू मी सांगितलं तस्संच केलंस. म्हणून तर हे झालं.

… कुणावर तपासली म्हणजे? ऑफिसातल्याच पोरांवर गं. व्यायाम करणारी, टणक पोरं. ताणलं काय, नाही ताणलं काय. उभं करायचं, लावायची, आलेख सुरेख आला, की आम्हीच आमची पाठ थोपटायची. एकाही म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून लावून बघितली नाही. आणि मी ग्रुपवर, काका-मावश्यांसकट सगळ्यांसमोर लिहिलं, 'वहिनीला एक पट्टी धड लावता येत नाही.' … आठवतंय. शब्द न् शब्द आठवतोय.

… रडलीस? … आणि दादाला म्हणालीस, डोळ्यात साबण गेला. … तोंड लपवायला जागा नाही गं मला.

… एक मिनिट, धर हं. हो सर, आलेच. … हो, तीच स्लाइड.

… साहेब होते. … वहिनी, अजून एक आहे. सांगितलंच पाहिजे. घरोघरी पट्ट्या का सुटतात, तेच आत दाखवायचंय मला. कारण लिहिलंय, 'घरच्या माणसांचा निष्काळजीपणा.' … मीच लिहिलंय. खाली एक उदाहरण दिलंय. … नाव नाही टाकलेलं. पण तूच आहेस ती.

… बोल ना काहीतरी.

… बरं, नको बोलूस. पट्टी आता लावूच नकोस. जखमेला स्पिरिट नको, स्वच्छ कापड ठेव, आजच डॉक्टरांना दाखवा. ठोक्यांचं दुसरं काय करायचं ते मी बोलते त्यांच्याशी.

… सर, थांबा. ती स्लाइड मी काढतेय. … छापून वाटलीय? मग तोंडानं सांगते. लावणारीचा हात बरोबर होता, सर. रीत चुकली, आणि ती मी ठरवली होती. माणूस जसा बसतो तसा बसू द्यायचा आणि सैल कातडीवर लावायची, हे मला सुचलंच नाही. … हो, सगळ्यांसमोर सांगेन. … वहिनी आहे माझी फोनवर.

ऐकलंस ना, वहिनी? … कोण? अप्पा? तुमच्या हातात कधी दिला फोन? … मलम आणायला गेली. मी 'धर' म्हटलं तेव्हाच. … म्हणजे तिनं यातलं काहीच…

… नाही अप्पा, तुम्ही निरोप नका देऊ. मीच सांगेन. … दुखतंय का? … खोटं बोलू नका. … छातीच्या दुसऱ्या बाजूला लावायला जागा आहे म्हणे! नको, अप्पा. … हो, छान आहे माझी पट्टी. पण तुम्हाला लावायची नाही.

… ठेवू नका. मीटिंग थांबली तर थांबू दे. तुम्ही पेपर वाचा, फोन टेबलावर ठेवा, फक्त बंद करू नका. ती आली की द्या तिला.

… हॅलो? … वहिनी? हो, मीच. अजून धरून बसलेय. … आधी मलम लाव, मी थांबते. हलक्या हातानं हं, कातडी ताणू… नाही. काही सांगत नाही. तुला येतं. लाव.

… झालं? … चुकलं माझं, वहिनी. मीटिंगच्या कागदातही तुझाच निष्काळजीपणा लिहिला होता मी, तो आत सगळ्यांसमोर खोडते. ग्रुपवरही लिहिते आजच. … नको कशाला? तेव्हा बरं सगळ्यांसमोर लिहिता आलं मला. … हो, जाते आत. … नाही, तू ठेव आधी.