नशिराबादच्या वाटेचा नकाशा

तोताराम : नही गुरुजी, तो कागद मले दाखवू नका. मले वाचता येत नही, पन वरचं ते लाल मी वळखतो. दोन वर्सं झाली, अजून वळखतो.

गिरधर गुरुजी : तोतारामभाऊ, पोरीच्या नकाशावरचं ते लाल मीच लिहिलंय. 'नक्कल'. आणि खाली शून्य. तेच खोडायला आलोय.

तोताराम : आता? पोरीची शाळा सुटली, लगीन झालं, शिरपूरकडं नांदते ती. आता खोडून काय व्हनार?

गिरधर गुरुजी : ते मलाही ठाऊक नाही. पण आधी काय झालं ते ऐकून घ्या. मग हाकलून दिलंत तरी चालेल.

तोताराम : गुरुजीले कोनी हाकलतं का? बसा. सांगा.

गिरधर गुरुजी : गेल्या महिन्यात डिपटीसाहेब शाळा तपासायला आले होते. धुळ्याला मुलांनी काढलेल्या नकाशांचं प्रदर्शन भरतंय, आपल्या आणि धुळ्याच्या, दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांचं. म्हणाले, जुने-नवे असतील तेवढे काढा. मी बावीस मांडले. हा नव्हता मांडला. कपाटाच्या तळाशी होता, तो त्यांनीच ओढून काढला.

तोताराम : आन?

गिरधर गुरुजी : बाकीचे बावीस त्यांनी अर्ध्या तासात हातावेगळे केले. कुणाची उत्तर दिशा चुकलेली, कुणी प्रमाणच दिलेलं नाही, कुणी नदी नुसती शोभेला काढलेली. मग हा घेतला. तासभर जागचे हलले नाहीत. शेजारी सरकारी नकाशा पसरला, कंपास लावला, फूटपट्टी लावली. शेवटी मला विचारलं, "नक्कल म्हणता, ती कशावरून केली?"

तोताराम : तलाठ्याच्या कागदावरून. तवा तुमीच म्हनले व्हते.

गिरधर गुरुजी : तेच सांगितलं त्यांना. त्यांनी तलाठ्याला दप्तर घेऊन बोलावलं. त्याच्या नकाशात कापसाचं जिनिंग नाही. नशिराबादच्या वाटेवर पाच वर्षांपूर्वी खोदलेली विहीर नाही. नाल्यावरची मोरी नाही. तुमच्या वच्छलाच्या नकाशात सगळं आहे, जिथल्या तिथं. साहेब म्हणाले, "मास्तर, कुठल्याच कागदावर नाही त्याची नक्कल कशी करतात, ते मलाही शिकवा."





तोताराम : मले ठावं व्हतं.

गिरधर गुरुजी : काय ठाऊक होतं?

तोताराम : तिनं कशावरून उतरवला नही, हे. गाडी मीच हाकत व्हतो ना! चाकाच्या आऱ्याले तिनं चिंधी बांधली. चिंधी वर आली का एक. मागं बसून मोजे. शंभर झाले का परकराच्या वट्यात एक चिंचोका टाके. नशिराबादच्या बाजाराले आसे पाच-सहा डाव गेलो. मले बोलू द्यायची नही, मोजनी चुके म्हने. वाट वळली का बैलं थांबवायची. खाली उतरे, सावली पाहे, पाटीवर रेघ मारे. वाटनं लोकं हसत, तोतारामची पोरगी चाक मोजते म्हनून.

गिरधर गुरुजी : मग त्या दिवशी शाळेत बोलला का नाहीत? मी तुम्हाला मुद्दाम बोलावलं होतं. सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं.

तोताराम : तुमी विचारलं नव्हतं, गुरुजी. सांगितलं व्हतं. "तुमच्या मुलीनं चोरी केली," आसं सांगितलं.

गिरधर गुरुजी : हो. सांगितलं होतं.

तोताराम : माह्या मनात आलं, चाक मोजून नकाशा काढनं हेच चोरी आसन. शाळेतली रीत मले काय ठावं? गुरुजी म्हनतात तं काहीतरी चुकलंच आसन. मी टोपी काढली आन म्हनलो, "पोरीचं चुकलं, एकडाव माफ करा." ती बाकापाशी उभी व्हती. माह्याकडं पाहे. तुमच्याकडं नही, माह्याकडं.

गिरधर गुरुजी : एक शब्द बोलली नाही ती. मला वाटलं, चोरी कबूल आहे म्हणून गप्प आहे.

तोताराम : दुसऱ्या दिवशी दप्तराले हात लावला नही. मीबी म्हनलो नही, जाय म्हनून. चार महिन्यांनी स्थळ आलं. पंधरावं लागलं व्हतं. देऊन टाकली.

गिरधर गुरुजी : साहेब म्हणाले, स्वराज्याला दहा वर्षं होत आली, अशा मुली आपण शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवायच्या नाहीत तर कुणाला पाठवायचं? मुलगी कुठं आहे ती?

तोताराम : आखाजीच्या सनाले आलेली शे माहेरी. आतच शे. आपलं बठ्ठं बोलनं ऐकत आसन.

(वच्छला तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात येते.)

गिरधर गुरुजी : ये, वच्छला. ओळखलंस का?

वच्छला : ओळखलं, गुरुजी. आबा, याला घ्या जरा. बघू तो कागद.

गिरधर गुरुजी : माझं चुकलं, पोरी. एखादी मुलगी इतकं नेमकं काढू शकते, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. चांगला होता म्हणूनच मला संशय आला. वाईट काढला असतास तर मी—

वच्छला : साहेब काय म्हणाले?

गिरधर गुरुजी : या दोन जिल्ह्यांत असा नकाशा पाहिला नाही, म्हणाले.

वच्छला : तसं नाही. चुका किती काढल्या?

गिरधर गुरुजी : चुका?

वच्छला : बाकीच्यांच्या काढल्या ना? तुम्ही तेव्हा वर्गात सगळ्यांचे नकाशे घेऊन चुका सांगितल्या. याचं गाव तिरपं, त्याची वाट लांब. माझ्यावर नुसतं 'नक्कल' लिहिलं. नकाशा कसा आहे ते कोणी सांगितलंच नाही. मी घरी येऊन किती दिवस तेच धरून बसले होते.

गिरधर गुरुजी : एक काढली त्यांनी. ही बघ, नाल्याच्या पलीकडं. वाट उजवीकडं चांगलीच वळते, तू जवळजवळ सरळ नेलीस. अर्ध्या फर्लांगाचा फरक पडतो.

वच्छला : बरोबर आहे त्यांचं. दर बाजाराला एकेक तुकडा मोजत होते मी. शेवटच्या खेपेला बैल लंगडायला लागला, आबांनी नाल्यावरूनच गाडी फिरवली. कागद दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मग पुढचं अंदाजानं काढलं.

गिरधर गुरुजी : हे तेव्हा का नाही सांगितलंस?

वच्छला : विचारलं असतं तर सांगितलं असतं. सबंध नकाशात तेवढंच खोटं होतं, गुरुजी. आणि तेवढंच तुम्हाला दिसलं नाही.

तोताराम : वच्छू, माह्यावर राग धरला आसन तू.

वच्छला : धरला होता, आबा. आता नाही. सासरी मीसुद्धा न केलेल्या गोष्टीची माफी मागते. पटकन मागून टाकते. तेव्हा तुमचं कळतं.

तोताराम : तिथं तुले तरास देतात का, बाय?

वच्छला : त्याची मान धरा नीट. लोंबतेय.

गिरधर गुरुजी : मी साहेबांची चिठ्ठी आणतो. शिरपूरला येतो, जावईबापूंशी बोलतो. सातवीला बाहेरून बसता येतं. पुस्तकं मी देईन.

वच्छला : येऊ नका, गुरुजी. तुम्ही माझ्या भल्यासाठी याल, आणि तुमची बस गेली की निस्तरायचं मला. आधीच म्हणतात, शिकलेली आणली, डोक्यावर बसेल.

गिरधर गुरुजी : मग मी करू तरी काय?

वच्छला : ते लाल खोडा. माझ्यासमोर खोडा.

गिरधर गुरुजी : हे बघ. खोडलं. आणि आता पंचवीसपैकी पंचवीस—

वच्छला : पंचवीस नको. नाल्यापलीकडचे कापा.

गिरधर गुरुजी : तेवीस?

वच्छला : तेवीस बरोबर.

गिरधर गुरुजी : प्रदर्शनात खाली नाव लावतात. सासरचं लिहू का?

वच्छला : सासरी माझं नाव लता ठेवलंय. लतानं कधी नकाशा काढला नाही. वच्छला तोताराम लिहा, इयत्ता सातवी.

गिरधर गुरुजी : लिहितो. अक्षर तुझ्याइतकं चांगलं येणार नाही.

वच्छला : आणि गुरुजी, त्या बावीस नकाशांत मुलींचे किती होते?

गिरधर गुरुजी : एकही नव्हता.

वच्छला : असं कसं? माझ्या मागच्या वर्गात कौतिककाकांची सुनंदा होती, तानू होती. दोघींचा हात चांगला होता. त्यांनी नाही काढले?

गिरधर गुरुजी : तुझ्या त्या दिवसानंतर गावानं सातवीला मुलगी पाठवलीच नाही.