मेण्याखालचं पीठ

माझ्यासारखा नेटका माणूस अख्ख्या भोरात न्हाई, असं म्याच सांगत फिरायचो, तवाची गोष्ट. आमच्या इनामदारांनी घरात जुन्या वस्तूंचं दालन मांडलं व्हतं आणि झाडपूस माझ्याकडं व्हती. मधोमध नक्षीचा लाकडी मेणा. मालकांची आजी त्यातूनच नवरी होऊन आलेली, म्हणून मालकांचा त्यावर लई जीव.

एकदा उत्रोलीच्या साळूमावशी तांदूळ घेऊन आल्या. मेण्यापाशी थबकल्या. "गप ऱ्हा जरा," म्हणाल्या, आणि दांडीला कानच लावला.

म्या हसलो. "मावशी, आत नवरी न्हाई बसलेली."

"आमी धान्याच्या कणगीला असाच कान लावतो. आत किडं असलं की करकर ऐकू येती. हितं बी येतीया. खाली पीठ पडतं का रं?"

"पडतं की. रोज सकाळी चिमूटभर. पण म्या ठेवतोय व्हय? लगेच पुसून टाकतो."

"कवापासनं?"

"झाली की तीन वर्सं."

मावशींनी दांडीवर अंगठा दाबला. अंगठा सगळा आत गेला! वरनं रंग, नक्षी, तेलाची चकाकी, आणि आत नुसती पोकळी.

तेवढ्यात मालक आले. भोक बघून किंचाळलेच, "अरे, आतलं लाकूड गेलं कुठं?"

काय सांगणार, गड्यांनो? तीन वर्सं म्याच ते चिमूट चिमूट करून उकिरड्यावर टाकून आलो व्हतो.