पान चौदावरचं सोपं उदाहरण

हॅलो?… हां, बोल गं. सुट्टीवर असले म्हणून काय झालं… कुजबुजतेस का? वाचनकक्षात आहेस?… बरं.

आपल्या दप्तरखान्याची पुस्तिका? 'नोंदी कशा लिहाव्यात'?… कोणी हातात घेऊन आलाय? अगं, मग छानच की! इतकी वर्षं सगळे उदाहरणातल्या त्या 'क्ष' आणि 'य'वर डोकं फोडत होते. म्हणून तर मी खरी नोंद घातली… हो, हो, पान चौदा. खोका दोनशे बारा…

काय मागितलं त्यानं?

नाही, नाही, अगं ऐक ना. तो खोका द्यायचा नाही… पूर्वी आश्रयगृहात राहिलेल्या त्या बाईची पत्रं आहेत त्यात. नवऱ्याच्या मारापायी पळालेली… नाव बदललं गं मी! पण जुळ्या मुली तशाच राहिल्या. घर सोडल्याची तारीखही. खोक्याचा नंबर तर खराच… वाचणाऱ्याला चटकन कळावं म्हणून!

दिसतो कसा?… पन्नाशीचा. कारकून? कुठल्या कचेरीत?… अरे देवा. तिचा नवराही तिथेच कारकून आहे. सगळ्या कचेऱ्यांना प्रती मीच पाठवल्या.

भीती वाटतेय गं मला… हे बघ, त्याला सांग, खोका सापडत नाही. काहीही सांग…

दिलास?

अगं, पण त्यावर बंदी आहे ना!… पुस्तिकेत?… हो. नाही लिहिलेली. बंदीची ओळ मीच गाळली, उदाहरण सुटसुटीत राहावं म्हणून… रडू नकोस. तू पुस्तिकेप्रमाणेच वागलीस.

आता काय करतोय?… गेला? कधी?… दहा मिनिटं…

थांब. खोक्यातल्या फायलीत अगदी वर, पत्रं आपल्याकडे ठेवायला तिनं दिलेलं संमतिपत्र आहे. त्यावर पत्ता, फोन नंबर. नंबर वाच… नाही गं, माझ्याकडे कुठला? मोबाईलमध्ये ठेवू नका म्हणाली होती ती… नीट बघ. निळ्या शाईतलं…

नुसती टाचणी? कागद नाही?

तू पोलिसांना फोन कर. आत्ता… पत्ता मला पाठ आहे. लिही. बसथांब्यासमोर शिंप्याचं दुकान, वरची खोली… हो, मीही निघतेय. चपला… चपला कुठे गेल्या माझ्या…

अगं, संमती घ्यायला मीच गेले होते तिथे. सही करताना तिनं विचारलं, "ताई, त्याला कळणार नाही ना?"… आणि मी हसले गं. म्हटलं, "आमच्या नोंदी वाचतं कोण?"

ठेव. ठेव फोन.